जितकं जवळ, तितकं प्रखर

घरात, नात्यात किंवा शेजारी कुणाला कर्करोग झाला असेल, तर ‘शेक’ हा शब्द तुमच्या कानावर पडलाच असेल. डॉक्टर त्याला रेडिएशन म्हणतात, पुस्तकात किरणोपचार असं लिहिलेलं असतं, पण हॉस्पिटलच्या बाकावर बसलेल्या नातेवाइकांच्या तोंडी शब्द असतो तो शेक. कुणी ‘लाइट देणं’ असंही म्हणतं.

या शेकाचे दोन प्रकार आहेत. एक बाहेरून. मोठ्या मशीनखाली पेशंटला झोपवतात आणि किरण लांबून गाठीवर सोडतात. दुसरा आतून. यात किरण सोडणारा इवलासा तुकडा थेट गाठीच्या आत किंवा गाठीला अगदी खेटून ठेवतात. या दुसऱ्या प्रकाराचं नाव ब्रॅकिथेरपी. ‘ब्रॅकि’ हा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ आखूड. म्हणजे कमी अंतरावरून केलेला उपचार.

आता एक छोटा प्रयोग करून बघा. रात्री खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च भिंतीपासून वीतभर अंतरावर धरा. मग दोन वीत अंतरावर न्या. भिंतीवरचा उजेड निम्मा नाही होत, साधारण चौथा हिस्साच उरतो. दहापट लांब गेलात तर शंभरावा हिस्सा. किरणांचंही हेच गणित आहे. स्रोत गाठीतच असला, की गाठ भाजून निघते आणि चार बोटं पलीकडच्या निरोगी अवयवाला त्यातलं फारच थोडं पोचतं.

पण हे गणित फक्त पेशंटला लागू होत नाही. तो तुकडा ज्याच्या हातात आहे, त्यालाही लागू होतं. ज्या बाईमुळे ही उपचारपद्धत जगाला मिळाली, तिनं हे गणित दुसऱ्यांसाठी नीट मांडलं. स्वतःसाठी मात्र ते कधीच पाळलं नाही. तिचं नाव तुम्हाला शाळेपासून माहीत आहे. मेरी क्यूरी.

आईची वेगळी भांडी

मेरीचा जन्म ७ नोव्हेंबर १८६७ चा, पोलंडमधल्या वॉर्सा शहरातला. तेव्हाचं नाव मारिया स्क्लोडोव्स्का, घरात सगळे मान्या म्हणायचे. वडील गणित आणि भौतिकशास्त्राचे मास्तर. पोलंडच्या त्या भागावर रशियाच्या झारचं राज्य होतं, शाळेत पोलिश भाषेवरसुद्धा बंधनं होती.

आईला क्षय झाला होता. त्या काळात क्षयावर औषध नव्हतं. आई स्वतःची भांडी वेगळी ठेवायची आणि मुलांना कुशीत घ्यायची नाही, पापा घ्यायची नाही. एवढ्याशा मान्याला ते कळत नव्हतं. आई लांब राहते ती मायेपोटीच, हे समजायला वय लागतं. मान्या दहा वर्षांची असताना आई गेली. त्याआधी थोरली बहीण टायफसने गेलीच होती.

वॉर्साच्या विद्यापीठात मुलींना प्रवेश नव्हता. मग मान्या आणि तिची मोठी बहीण ब्रोन्या यांनी आपसात करार केला. ब्रोन्याने पॅरिसला जाऊन डॉक्टर व्हायचं, तोवर मान्याने लोकांच्या घरी राहून त्यांच्या मुलांना शिकवायचं आणि पैसे पाठवायचे. नंतर ब्रोन्याने मान्याला बोलावून घ्यायचं. यात मान्याची उमेदीची वर्षं गेली. १८९१ मध्ये ती पॅरिसला पोचली तेव्हा चोवीस वर्षांची होती. बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे पडलेली, फ्रेंच कच्चं, राहायला माळ्यावरची थंडगार खोली. १८९३ मध्ये ती भौतिकशास्त्राच्या पदवीत पहिली आली, पुढच्या वर्षी गणितात दुसरी.

गॅप पडला म्हणून हातपाय गाळून बसला असाल, तर हे गणित लक्षात ठेवा.

गळक्या शेडमधला उजेड

१८९५ मध्ये तिनं पिअर क्यूरी या शास्त्रज्ञाशी लग्न केलं. हनिमूनला दोघं सायकलवरून फ्रान्सच्या गावांमधून फिरले. पुढच्याच वर्षी हेन्री बेकरेल यांना युरेनियममधून आपोआप किरण निघतात हे दिसलं. बाकीच्यांचं लक्ष तेव्हा क्ष-किरणांकडे होतं. मेरीने पीएचडीसाठी हा बाजूला पडलेला विषय उचलला.

पिचब्लेंड नावाच्या खनिजातून युरेनियमच्या मानाने फारच जास्त किरण येतात, हे तिच्या मोजमापात आलं. याचा अर्थ त्यात आणखी काहीतरी दडलेलं होतं. १८९८ मध्ये पिअर आणि मेरीने दोन नवी मूलद्रव्यं जाहीर केली. जुलैत पोलोनियम, डिसेंबरात रेडियम.

पण जाहीर करणं वेगळं आणि हातात घेऊन दाखवणं वेगळं. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या योआकिमस्तालच्या खाणीतून युरेनियम काढून घेतलेला चोथा पोत्यांनी आला. काम करायला मिळाली ती एक पडकी शेड, पूर्वी तिथे मेडिकलचे विद्यार्थी मुडदे फाडायचे. छत गळकं. मेरी एका वेळी वीस-वीस किलो माल कढईत उकळायची आणि स्वतःच्या उंचीच्या लोखंडी सळईने दिवसभर ढवळायची. १९०२ पर्यंत टनावारी चोथ्यातून एका ग्रॅमचा दहावा भाग शुद्ध रेडियमचं मीठ हाती आलं.

रात्री जेवणं झाल्यावर दोघं कधी कधी पुन्हा शेडवर जायचे. अंधारात फळ्यांवरच्या नळ्या मंद चमकत असायच्या. दोघं बघत बसायचे. त्या उजेडाबरोबर अंगात काय शिरतंय, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

दंडावरची जखम

एक इशारा मिळाला तो खिशातून. १९०१ मध्ये बेकरेल रेडियमची नळी कोटाच्या आतल्या खिशात घालून फिरले. थोड्या दिवसांनी खिशाच्या बरोबर मागे कातडी भाजल्यासारखी लाल झाली. पिअरनेही मुद्दाम स्वतःच्या दंडावर रेडियम काही तास बांधून ठेवलं. कातडी लाल झाली, फुटली, जखम झाली. दीड महिन्यानंतरही ती पूर्ण भरली नव्हती. त्याने रोजच्या रोज नोंदी ठेवल्या आणि बेकरेलबरोबर त्या छापल्या.

दुसरा कुणी असता तर घाबरून ते रेडियम कुलपात टाकलं असतं. पिअरच्या डोक्यात उलटा विचार आला. हे चांगली कातडी जाळतं, तर रोगट कातडीही जाळेल. त्याने पॅरिसच्या सेंट लुई हॉस्पिटलमधले त्वचारोगतज्ज्ञ दान्लो यांना थोडं रेडियम वापरायला दिलं. त्यांनी ते त्वचेच्या क्षयावर वापरून पाहिलं. लवकरच कातडीच्या कर्करोगावरही रेडियम लावलं जाऊ लागलं.

कातडीवर ठीक आहे, पण गाठ शरीराच्या आत असेल तर? याचं उत्तर सुचवणाऱ्यांपैकी एकाचं नाव ऐकून चकित व्हाल. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल. १९०३ मध्ये त्यांनी एका डॉक्टरला पत्र लिहून सुचवलं, की रेडियमचा कण बारीक काचेच्या नळीत बंद करून ती नळी सरळ गाठीच्या मध्यावर ठेवून का बघू नये? आतून शेक देण्याची कल्पना इतकी साधी होती.

त्याच वर्षी बेकरेल आणि क्यूरी दांपत्याला नोबेल मिळालं. रेडियमची मागणी वाढणार हे उघड होतं. ते शुद्ध करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं असतं तर दोघं मालामाल झाले असते. त्यांनी घेतलं नाही. विचारेल त्याला सगळी कृती लिहून पाठवली. वस्तू उपचाराच्या कामाची आहे, म्हणून तर ती अडवायची नाही, असं दोघांचं मत होतं.

एकटीची वर्षं

१९ एप्रिल १९०६. पॅरिसमध्ये पाऊस पडत होता. रस्ता ओलांडताना पिअर घसरून मालवाहू घोडागाडीखाली आला आणि जागीच गेला. मेरी अडतीस वर्षांची होती. पदरात दोन मुली, आठ वर्षांची इरेन आणि सव्वा वर्षाची एव्ह. विद्यापीठाने पिअरचे तास तिच्याकडे दिले. सोर्बोनमध्ये शिकवणारी ती पहिली बाई.

१९११ मध्ये दुसरं नोबेल मिळालं, या वेळी रसायनशास्त्राचं. पण त्याच वर्षी एका विवाहित सहकाऱ्याशी असलेल्या संबंधांवरून पॅरिसच्या पेपरांनी तिला अक्षरशः सोलून काढलं. घराबाहेर जमाव जमला. आजच्या भाषेत सांगायचं तर महिनोन्महिने ट्रोलिंग. पुरस्कार घ्यायला येऊ नका, असं स्वीडनमधूनही सुचवण्यात आलं. काम आणि खासगी आयुष्य यांचा संबंध नाही, असं कळवून ती गेलीच.

पिअरच्या आठवणीत तिला एकच इमारत हवी होती, रेडियम इन्स्टिट्यूट. एका बाजूला तिची प्रयोगशाळा, दुसऱ्या बाजूला क्लोडियस रेगो या डॉक्टरांची, किरणांचा शरीरावरचा परिणाम तपासणारी. १९१४ च्या उन्हाळ्यात इमारत उभी राहिली आणि पहिलं महायुद्ध सुरू झालं.

अठ्ठेचाळीस तासांनी एकदा

युद्धात तिनं एक्स-रेच्या गाड्या उभ्या केल्या, हे अनेकांना माहीत असतं. सुमारे वीस गाड्या, दोनशेच्या आसपास एक्स-रे खोल्या, आणि ती यंत्रं चालवायला शिकवलेल्या दीडशे बायका. ती स्वतः गाडी घेऊन आघाडीवर जायची. पण तिनं केलेलं दुसरं काम फारसं कुणी सांगत नाही, आणि आपल्या विषयाचं तेच आहे.

जर्मन फौजा पॅरिसजवळ आल्या तेव्हा तिच्याकडचं सगळं रेडियम तिनं शिशाच्या जड पेटीत घालून आगगाडीने बोर्डोला नेऊन ठेवलं होतं. धोका टळल्यावर ते परत आणलं. रेडियममधून रेडॉन नावाचा वायू सतत सुटत असतो आणि तोही किरण सोडतो. मेरीने विचार केला, की मौल्यवान रेडियम हॉस्पिटलांना वाटत कशाला बसायचं? म्हशी गोठ्यात ठेवायच्या आणि दूध घरोघरी पाठवायचं, तसं रेडियम प्रयोगशाळेत ठेवायचं आणि वायू पाठवायचा.

दर अठ्ठेचाळीस तासांनी ती पंपाने तो वायू ओढून घ्यायची आणि सेंटिमीटरभर लांबीच्या बारीक काचेच्या नळ्यांत भरून तोंड बंद करायची. या नळ्या लष्करी आणि नागरी हॉस्पिटलांत जायच्या. तिथले डॉक्टर त्या प्लॅटिनमच्या पोकळ सुयांमध्ये घालून रोगट भागात टोचून ठेवायचे. रेडॉनचा जोर पावणेचार दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे नळ्या पुन्हा पुन्हा भराव्या लागत. सुरुवातीला हे काम ती एकटीच करायची. मध्ये पुरेसा आडोसा नाही. बोटं नळीपासून किती लांब? शून्य.

टॉर्चचा प्रयोग आठवा. पेशंटच्या गाठीला औषध देणारं तेच अंतर, मेरीच्या बोटांना जाळत होतं.

एक ग्रॅमसाठी अमेरिका

युद्धानंतर रेगो यांनी इन्स्टिट्यूटमध्ये मोठं काम उभं केलं. एकाच वेळी जबरदस्त मारा करण्यापेक्षा थोडा थोडा शेक बरेच दिवस दिला, तर गाठ मरते आणि निरोगी भाग सावरतो, हे त्यांनी दाखवलं. किरण पेशीतल्या डीएनएचे धागे तोडतात. निरोगी पेशी ते तुलनेने चांगले सांधून घेतात, कर्करोगाच्या पेशींना ते तितकं जमत नाही. हे बारकावे पुढे कळले, पण पद्धत तेव्हाच बसली. विशेषतः गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगात तिचा फार उपयोग झाला, कारण तिथे रेडियमच्या नळ्या गाठीच्या अगदी जवळ नेऊन ठेवता येत. मेरीच्या हयातीत आणि नंतर लगेचच्या काळात तिथे आठ हजारांहून जास्त पेशंटनी उपचार घेतले.

अडचण होती रेडियमची. एका ग्रॅमची किंमत झाली होती एक लाख डॉलर. जिनं ते शोधलं आणि पेटंट न घेता जगाला देऊन टाकलं, तिच्या इन्स्टिट्यूटकडे जेमतेम एक ग्रॅम होतं आणि नवं घ्यायला पैसे नव्हते. अमेरिकेतल्या मिसी मेलोनी या संपादक बाईंना हे कळलं. त्यांनी अमेरिकेतल्या बायकांकडून वर्गणी गोळा केली. २० मे १९२१ रोजी अध्यक्ष हार्डिंग यांनी व्हाइट हाउसमध्ये मेरीला एक ग्रॅम रेडियम भेट दिलं.

आदल्या रात्री मात्र गोंधळ झाला. दानपत्रात रेडियम मेरीच्या नावावर होतं. ती म्हणाली, बदला. मी मेले तर ते माझ्या मुलींची मालमत्ता होईल, ते प्रयोगशाळेचं राहिलं पाहिजे. रात्रीच वकील शोधून कागद दुरुस्त करावा लागला.

१९२९ मध्ये ती पुन्हा अमेरिकेला गेली, या वेळी वॉर्साच्या रेडियम इन्स्टिट्यूटसाठी. १९३२ मध्ये ती संस्था उघडली. तिची पहिली संचालक कोण? डॉक्टर झालेली ब्रोन्या. एकमेकींच्या फीसाठी केलेला करार चाळीसहून अधिक वर्षांनी आपल्या गावच्या पेशंटपर्यंत पोचला.

नियम दुसऱ्यांसाठी

तोवर रेडियमचा दुसरा चेहरा समोर यायला लागला होता. अमेरिकेत घड्याळांवर चमकणारे आकडे रंगवणाऱ्या मुली ब्रश ओठांनी टोकदार करायच्या, त्यांचे जबडे सडले, काही जणी गेल्या. फ्रान्समध्येही रेडियमबरोबर काम करणारे दगावले. मेरीच्या प्रयोगशाळेत कडक नियम झाले. नळ्या चिमट्याने उचला, शिशाचा आडोसा घ्या, ठरावीक काळाने रक्त तपासा.

हे नियम ती इतरांना बजावायची आणि स्वतः मोडायची. बोटांची टोकं टणक झाली होती, भेगाळली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चार ऑपरेशनं. लेक्चरची टिपणं मोठ्या अक्षरात लिहायची, उपकरणांवर रंगीत खुणा करून घ्यायची, पण दिसत नाही हे कुणाला कळू द्यायची नाही.

यात थोर असं काही शोधू नका. तिनं सावध राहायला हवं होतं आणि तिला ते कळत होतं. ज्या वस्तूवर आयुष्य घालवलं, तीच आपल्याला मारते आहे हे मान्य करणं तिला जड गेलं असावं. आपल्याकडेही हेल्मेटशिवाय गाडी चालवणारे डॉक्टर आणि सिगारेट ओढणारे कर्करोगतज्ज्ञ असतात. माहिती असणं आणि ती स्वतःला लागू करणं, यातलं अंतर सगळ्यात अवघड.

जानेवारी १९३४ मध्ये इरेन आणि तिचा नवरा फ्रेडरिक यांनी एक नवी गोष्ट करून दाखवली. साध्या ॲल्युमिनियमवर किरणांचा मारा करून त्यातून कृत्रिम किरणोत्सारी पदार्थ तयार केला. मेरीने ती नळी भाजलेल्या बोटांत धरून पाहिली. आता खाणी उकरून रेडियमचे कण वेचत बसायची गरज उरणार नव्हती, हवे तसे स्रोत बनवता येणार होते.

४ जुलै १९३४ ला मेरी गेली. रक्त तयार करणारा अस्थिमज्जाच निकामी झाला होता. १९९५ मध्ये तिचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये हलवताना तपासणी झाली, तेव्हा रेडियमचं प्रमाण अपेक्षेहून कमी निघालं. युद्धातल्या एक्स-रेंचा वाटा मोठा असावा, असं तज्ज्ञांना वाटलं. तिच्या वह्या मात्र आजही शिशाच्या पेट्यांत आहेत.

अंतर कशापासून?

आज आतून शेक देताना रेडियम वापरत नाहीत. बहुतेक ठिकाणी असतो इरिडियम-१९२, तांदळाच्या दाण्याहूनही बारीक, अणुभट्टीत बनवलेला. आधी पेशंटच्या शरीरात नुसत्या पोकळ नळ्या बसवतात. स्कॅन काढून हिशेब करतात. मग सगळे खोलीबाहेर जातात, दार बंद होतं आणि मशीन तारेच्या टोकाला लावलेला तो दाणा नळीतून आत पाठवतं. काही मिनिटांत काम झालं की दाणा परत पेटीत. डॉक्टर, नर्स, टेक्निशियन कुणीही त्याला हात लावत नाही. मेरीच्या बोटांनी जे भोगलं, त्यातून आलेलं हे शहाणपण आहे. आपल्या मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने डोळ्याच्या कर्करोगासाठी रुथेनियमची छोटी चकती बनवली आहे. तीही याच कुळातली, डोळ्याला बाहेरून चिकटवून ठेवायची.

आता तुमच्या कामाची गोष्ट. आजीला, मावशीला असा शेक देऊन घरी आणलं, की कुणीतरी हळूच सांगतं, तिच्या जवळ बसू नका, ताट-वाटी वेगळी ठेवा, लहान मुलांना लांब ठेवा. हे खरं नाही. मशीनमधला दाणा पेटीत परत गेला, की पेशंटच्या अंगात किरण उरत नाहीत. दिवा विझवल्यावर खोलीत उजेड उरतो का? काही उपचारांत बारीक दाणे कायमचे आत ठेवतात किंवा औषध पोटातून देतात. तेव्हा काही काळ काळजी घ्यावी लागते. ती कशी आणि किती, हे डॉक्टर सांगतात. त्यांनाच विचारा, शेजाऱ्यांना नको.

मान्याच्या आईला लेकीपासून लांब राहावं लागलं, कारण क्षय हवेतून पसरतो आणि तेव्हा औषध नव्हतं. कर्करोग तसा पसरत नाही, शेकही पसरत नाही. त्यामुळे अंतर ठेवायचं ते किरणांच्या स्रोतापासून, माणसापासून नाही.

आजी परत आली असेल, तर आज तिच्या शेजारी जाऊन बसा. अगदी खेटून बसलात तरी चालेल.